सकाळचा पहिला चहा सोडायचाय. उठल्या उठल्या बाहेर पडून काय करता तुम्ही लोक?

परसदारची
नमस्कार मंडळी. विषय आधी येऊन गेला असेल कदाचित, पण शोधायला गेले तर सगळे धागे चहा फक्कड कसा करावा याचेच निघाले म्हणून नवीन काढते.

मी गुहागरची, खालचा पाट म्हणतात त्या भागात घर. आम्ही घरगुती राहण्याजेवणाची सोय करतो, चार खोल्या आहेत. म्हणजे माझा दिवस साडेपाचला आधण ठेवून सुरू होतो आणि ते पातेलं रात्री नऊपर्यंत गॅसवरून उतरत नाही. पाहुणे उठतील तसतसा चहा, आणि दर खेपेला तळाशी राहिलेला अर्धा कप जातो कोणाच्या पोटात तर माझ्या, टाकवत नाही ना. एक दिवस मोजले तर अर्धे अर्धे मिळून सात कप भरले.

ऑगस्टात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.२. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तीन महिने इमानेइतबारे घेतल्या, नोव्हेंबरात परत तपासलं तर ९.४. डॉक्टरीणबाईंनी विचारलं गोळी कशाबरोबर घेता. म्हटलं चहाबरोबर. बाईंनी पेन खाली ठेवलं.

शिवाय रात्री अकराला पाठ टेकते ती दोनपर्यंत टक्क जागी, आणि सकाळी चहाशिवाय डोळा उघडत नाही. तेव्हा निदान पहिला चहा तरी बंद करायचा असं ठरवलंय. पण त्या वेळेला हाताला आणि डोक्याला दुसरं काहीतरी पाहिजे, नाहीतर पाय आपोआप गॅसकडे जातात. गरम पाणी-मध-लिंबू सांगू नका प्लीज, ते करून झालं, आठ दिवस प्यायले आणि त्याच्यावर चहा प्यायले.

घराच्या मागच्या दाराने निघालं की आमचं आगर, म्हणजे पोफळीची बाग, मग सुरूचं बन, मग समुद्र. चालत चार मिनिटं. आणि खोटं कशाला बोलू, गेल्या वर्षभरात सकाळचा समुद्र मी बघितलेला नाही. पाहुणे पैसे देऊन येऊन बघतात.

लाल_डबा
पहिला! (हे हातात कप धरून टाईप करतोय, माफी असावी.)

तांब्याभांडं
ताई उषःपान करा. रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी चूळ न भरता दीड लिटर एका दमात प्यायचं. मी १४ वर्षं करतोय, चहाची आठवणसुद्धा येत नाही.

लाल_डबा
दीड लिटर एका दमात म्हणजे इतर कशाचीही आठवण यायला वेळच मिळत नसणार काका, सकाळ सगळी एकाच खोलीत.

गोळीवाला
मी चिपळूणला मेडिकलमध्ये असतो. पाणी चांगलंच आहे, तहान लागेल तेवढं प्या, पण एका दमात दीड लिटर सगळ्यांना सांगू नका हो. हृदयाचे, किडनीचे पेशंट असतात, त्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असतं. आणि तांब्याच्या भांड्यात नुसतं पाणीच, कोकम सरबत किंवा लिंबूपाणी अजिबात नको, आंबट पदार्थात तांबं उतरतं आणि मळमळ-उलट्या होतात.

बाकी ताई, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर पकडलं. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, शोषूच देत नाही. गोळी आणि चहा यात किमान तास-दोन तास अंतर पाहिजे. उलट गोळीबरोबर लिंबू किंवा आवळा चालतो, क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. माझ्या काउंटरवर महिन्याला लोहाच्या गोळ्या नेणाऱ्या किती बायका असतील आणि त्यातल्या किती चहाबरोबर घेत असतील याचा विचारच करायला नको.

मालवणी_खाजा
गे बाय, चाय सोडूची नाय, चायेक थांबवूची. माझो बापूस पहाटे रापणीच्या जाळ्याक जायचो, दोरी ओढून झाल्यार मगे कोरी चाय. आधी चाय घेतलास तर पोटात गुडगुडता आणि हातातली दोरी सुटता, असा म्हणायचो. आता रापणी कमी झाल्यो, चाय मात्र वाढली.

निवृत्त_फळा
विज्ञान शिकवण्यात ३१ वर्षं गेली, त्यामुळे थोडं लांबण लागेल, ज्यांना कंटाळा असेल त्यांनी खाली सरकावं.

कॅफीन आपल्याला ताकद देतं हा समज चुकीचा. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो, तो त्याच्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसला की सुस्ती येते, झोप येते. कॅफीन काय करतं, त्याच जागा अडवतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. ॲडेनोसिन बिचारं दाराशी उभं राहतं, पण ते गाडीतून उतरलेलं नसतं. रुमाल उचलला की सगळी गर्दी एकदम आत शिरते, म्हणून चार वाजता जास्तच पेंग येते आणि आपण दुसरा रुमाल टाकतो. आणि हा रुमाल लवकर उचलला जात नाही, घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात, कोणाला तीन, कोणाला सात. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना त्याहून जास्त. तुम्ही संध्याकाळी सहाला पाहुण्यांबरोबर घेतलेला कप रात्री अकराला अजून निम्मा शिल्लक आहे. दोनपर्यंत टक्क जागं राहण्यात नवल ते काय.

आता बाहेर का पडायचं. शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं, ते कसं चालतं हे फळमाशीवर काम करून दाखवणाऱ्या तिघांना, हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना, २०१७ चं नोबेल मिळालं. आपलं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा किंचित जास्त चालतं, म्हणजे रोज थोडं थोडं मागे पडतं आणि रोज मिळवून घ्यावं लागतं. ते मिळवतो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यात नेहमीच्या बघण्याच्या पेशींशिवाय आणखी एक जात असते, तिचं मुख्य काम चित्र दाखवण्याचं नाही, बाहेर उजेड किती झाला ते मेंदूला कळवण्याचं. घरातली ट्यूब तिला दिवसा फार कमी पडते. घरात दोनशे-तीनशे लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा हजारांत, आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात. आपल्या डोळ्याला हा फरक एवढा जाणवत नाही कारण बाहुली बारीक होते आणि मेंदू सांभाळून घेतो. सकाळी घड्याळ नीट लागलं की रात्री झोपही वेळेवर येते, आणि रात्री झोप झाली की सकाळी रुमाल टाकायची गरज कमी. एवढंच.

चाकरमानी_डोंबिवली
सर तुम्ही मला दहावीला असता तर मी नापास झालो नसतो.

सड्यावरची
सर, पण आपल्याकडे सूर्य समुद्रावर उगवत नाही ना, डोंगरामागून येतो. आम्ही रत्नागिरीजवळ सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, राहतो तर आम्हाला लवकर दिसतो, खाली किनाऱ्यावरच्या वाड्यांना आधीच जानेवारीत सूर्योदय सात वाजून गेल्यावर, त्यात डोंगराची आणि माडांची आडकाठी. मग फायदा कसा?

निवृत्त_फळा
सूर्य दिसायची गरजच नाही. आभाळ उजळलं की पुरे, आणि समुद्रावर तर पुढे सगळं उघडं आभाळ. एक मात्र, सूर्याकडे टक लावून बघू नका. कोवळं असलं तरी ऊन ते ऊनच, डोळ्याचा पडदा भाजतो.

परसदारची
पाहुणे दर आठवड्याला एकदा तरी विचारतात, काकू इथे समुद्रावर सनराईज किती वाजता असतो. पूर्वी समजावायचे. आता सांगते, संध्याकाळी सहाला.

तांब्याभांडं
कोवळ्या उन्हात बसल्याने डी जीवनसत्त्व मिळतं हा मुख्य फायदा राहिलाच की सांगायचा.

गोळीवाला
तो नेमका कोवळ्या उन्हात मिळत नाही काका. सूर्य खाली असताना त्यातले डी तयार करणारे किरण वातावरणातच अडतात. त्याला दहा ते तीनमधलं ऊन लागतं, थोडा वेळ. आपली सावली आपल्यापेक्षा लांब पडत असेल तर डी विसरा. सकाळचा उजेड घड्याळासाठी, दुपारचा डीसाठी, दोन वेगळी खाती आहेत.

तांब्याभांडं
बरं. 🙏

परसदारची
तिसरा दिवस. मंडळी, डोकं. डोकं म्हणजे कवटीच्या आतून कोणीतरी पाटा-वरवंटा फिरवतंय. सोमवारी एका झटक्यात सगळा चहा बंद केला (पहिलाच नाही, सगळा, मला मधलं काही जमत नाही) आणि मंगळवारी दुपारपासून हे सुरू. काल रात्री घरातली डोकेदुखीची गोळी घेतली, अर्ध्या तासात एकदम हुशारी आली, रात्री साडेबाराला मसाल्याचे डबे पुसत होते. गोळी चांगली आहे म्हणून आज परत घेतली.

गोळीवाला
ताई, त्या गोळीच्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा आणि इथे टाका.

परसदारची
पॅरासिटामॉल... आणि कॅफीन.
😭

लाल_डबा
चहा सोडला आणि टपरी गिळली.

गोळीवाला
हसू नका, बऱ्याच जणांचं होतं. काही गोळ्यांत दोन्ही एकत्र असतं, कॅफीनने दुखणं थांबायला मदत होते म्हणून घालतात. साधी पॅरासिटामॉल मागा, तीही लागली तरच.

हे डोकं का दुखतं सांगतो. कॅफीनने मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आवळलेल्या राहतात, ते बंद झालं की त्या सैल पडतात, रक्त जास्त वाहतं, ठणका लागतो. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत कळस, बहुतेकांचं आठवड्या-नऊ दिवसांत पूर्ण जातं. पण सात कपांवरून एकदम शून्यावर कोणी सांगितलं होतं तुम्हाला? तीन-चार दिवसांनी एक-एक कप कमी करत यायचं. आता परत एक कप सुरू करा, सकाळी नाश्त्यानंतर, आणि तिथून खाली या.

आणखी एक, गवती चहाला नाव चहाचं असलं तरी त्यात कॅफीन नाही, परसात असेलच. ग्रीन टीमध्ये मात्र आहे. तुळशीचा चहा म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही चहाची पत्ती मिसळलेली असू शकते, पुडीमागचं वाचून घ्या.

चाकरमानी_डोंबिवली
आमच्या घरी धणे-जिऱ्याचा काढा असायचा, आजी चुलीवर करायची, त्यात गूळ. मला वाटायचं गरिबीमुळे चहा नाही. आता इथे एका दुकानात तोच काढा पेल्याला साठ रुपयांनी विकतात.

मालवणी_खाजा
आणि पेज? पेजेचा नावच नाय कोणी घेतल्यान. उकड्या तांदळाची पेज, वांगडा सुकटीची चटणी. दहा वाजता ती पोटात गेली काय चायेची आठवण कोणाक? चाय ही भुकेची थाप असा, माझा स्पष्ट मत.

परसदारची
नववा दिवस. डोकं थांबलंय. आता खरी गोष्ट सांगते.

पहिले सहा दिवस मी सकाळी उठून समुद्रावर "फिरायला" जायचं ठरवून जात होते. तीन दिवस गेले, दोन दिवस टाळलं, एक दिवस सुरूच्या बनापर्यंत जाऊन परत आले कारण मनात येत होतं की मी इथे हात हलवत काय करतेय, घरी कणीक भिजवायचीय. आयुष्यात नुसतं चालायला म्हणून कधी चाललेली नाही मी, लाज वाटते चक्क. बनातून येणाऱ्या शेजारणीला मी काय सांगितलं असेल? पातेरा गोळा करायला आले होते.

परवा आमच्या आगरात शिंपण्याला येणारा गडी आला नाही. पंप मी लावला आणि पाटाचं पाणी फिरवायला मीच गेले. लग्न होऊन आले तेव्हा करायचे, नंतर कामं वाढली तसं सुटलं. सहा वाजलेले, धूसर. पाटातून पाणी येतं ते आधी ऐकू येतं, मग दिसतं. एका आळ्यात भरलं की खोऱ्याने माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं, तेवढ्यात मागचं फुटतं, मग झावळीचा बुडखा आडवा टाकून वर पाय देऊन उभं राहायचं. पाणी विहिरीचं, पहाटे कोमट असतं, पाय घोट्यापर्यंत त्यात आणि वरून गार वारा. दयाळ ओरडत होता पोफळीवर बसून. शेवटचं आळं झालं तेव्हा लख्ख उजाडलं होतं, पावणेआठ. म्हणजे पावणेदोन तास झाले होते आणि चहा माझ्या डोक्यातच आला नव्हता!

घरात आले तर सासूबाई (वय ७६) पडवीत बसलेल्या. म्हणाल्या, आमच्या वेळी शिंपणं काढून आल्याशिवाय चहा मिळत नसे, आधी मागितला तर माझी सासू म्हणायची, झाडांना पाणी नाही आणि तुला चहा? मालवणी दादांच्या वडिलांचंच म्हणणं की हे.

गड्याला आता संध्याकाळचं दुसरं काम दिलंय.

निवृत्त_फळा
छान. पण पोफळीखाली गच्च सावली असते, तिथे उजेड फारसा पोचत नाही. शेवटची दहा-पंधरा मिनिटं उघड्यावर या.

परसदारची
भाच्याने फोनवर उजेड मोजायचं ॲप टाकून दिलं सर. पडवीत १८० आलं, आगरात पोफळीखाली हजाराच्या आत, बनाबाहेर वाळूवर आल्याबरोबर पाच हजारांच्या वर. सगळी मोजमापं दहा मिनिटांत, एकाच सकाळी. मी तीनदा परत जाऊन मोजलं, विश्वासच बसेना.

सड्यावरची
सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू सांगते. अनवाणी, अंधारात, ओल्या गवतात जाऊ नका कोणी. आमच्या सड्यावर फुरसं (विषारी साप) म्हणजे पाचवीला पुजलेलं, वीतभर लांब, दगडाच्या रंगाचं, पाय पडेपर्यंत दिसत नाही. माझ्या चुलत दिरांना पहाटे गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) चावलं, तेही अंगणात ब्रश करताना. वेळेवर दवाखान्यात नेलं, प्रतिविष मिळालं म्हणून वाचले, पण पाय महिनाभर सुजलेला होता. बॅटरी, बंद चप्पल, गडग्याच्या भोकात हात नाही. दव तुडवल्याने डोळ्यांचं तेज वाढतं वगैरे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं.

गोळीवाला
+१. आणि पावसाळ्यात चिखलात अनवाणी तर नाहीच. पायाला चीर असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), उंदराच्या मुतातून पाण्यात येतो. भातलावणीच्या दिवसांत कोकणात दरवर्षी पेशंट असतात. ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर अंगावर काढू नका. मधुमेहवाल्यांनी तर वाळूतसुद्धा चपला घालूनच, शिंपला लागलेला कळत नाही.

तांब्याभांडं
पण अनवाणी चालल्याने पृथ्वीची ऊर्जा

लाल_डबा
काकांचं वाक्य अर्धवट राहिलं. फुरसं नसू दे म्हणजे झालं.

तांब्याभांडं
नातू फोन घेऊन पळाला. असो, तो मुद्दा मागे घेतो.

परसदारची
सोळावा दिवस. शिंपणं एक दिवसाआड असतं, म्हणून मधल्या दिवशी समुद्रावर. पण एक अडचण. परवा गेले तर वाळू घट्ट, फरशीसारखी, मस्त दूरपर्यंत गेले. त्याआधीच्या आठवड्यात त्याच वेळेला गेले होते तर पाणी वरपर्यंत, भुसभुशीत वाळूतून चालून पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरता येईना. वेळ कशी ठरवायची? एवढी वर्षं समुद्राकाठी राहून हे विचारायला शरम वाटतेय.

खाडीकाठचा
मी हर्णैचा, आमचं घर होडीवर चालतं. ताई सोप्पं आहे, कॅलेंडरवर तिथी बघा. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, जे येईल ते भरतीचं घड्याळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती, पहाटे पण आणि दुपारी पण. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा, धरायचे बारा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण आमच्या म्हाताऱ्यांचं सगळं ह्याच्यावर चालायचं.

म्हणजे तुम्हाला सकाळी सहा-सातला घट्ट वाळू पाहिजे तर पौर्णिमा, अमावस्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस. तेव्हा उधाण, पाणी लांब आत जातं, किनारा मोकळा. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अष्टमीला गेलात तर सकाळी पाणी चढलेलं असणार, तेही भांगाचं, धड पूर्ण भरत नाही धड ओसरत नाही, चालायला फक्त वरची भुसभुशीत वाळू. त्या दिवशी आगरात राहा.

निवृत्त_फळा
व्वा. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकते, म्हणून दर तिथीला साधारण पाऊण तास होतो. वर्गात मी चंद्राचं गुरुत्वाकर्षण शिकवलं, हे कोष्टक मला कोणी शिकवलं नाही.

खाडीकाठचा
सर तुम्ही विचारलंत कुठे 😄

चाकरमानी_डोंबिवली
आमच्यासारख्यांनी काय करायचं? ना आगर, ना समुद्र. तिसऱ्या मजल्यावर आहे, समोर दुसरी बिल्डिंग. साडेसहाला घराबाहेर पडतो ते थेट प्लॅटफॉर्मवर.

निवृत्त_फळा
प्लॅटफॉर्मवर छपराच्या पुढे जाऊन उभे राहा, जिथे पुढचा डबा येतो. गंमत नाही करत. आभाळ तिथेही तेच.

परसदारची
आणि काहीतरी काम घ्या दादा त्या वेळेला. नुसतं उभं राहणं दोन दिवस टिकेल. गच्चीवर कुंड्या ठेवा, खालच्या कुत्र्याला पोळी टाका, काहीही, पण ज्याच्यासाठी गेलंच पाहिजे असं. माझ्यावर कोणी वाट बघत असलं तरच मी घराबाहेर पडते, मग ते माणूस नसून पोफळ का असेना.

परसदारची
सहा आठवडे झाले, धागा वर आणतेय.

हिमोग्लोबिन ११. गोळीवाले दादा आधीच सांगतील की हे समुद्राचं श्रेय नाही, गोळी चहापासून तोडून रात्री लिंबूपाण्याबरोबर घेतली त्याचं आहे. मान्य. झोप मात्र समुद्राची आणि संध्याकाळचा कप बंद केल्याची, यात कितीचा वाटा कोणाचा ते सरांनी ठरवावं. साडेअकराच्या पुढे घड्याळ बघितलेलं नाही बऱ्याच दिवसांत.

चहा पूर्ण सुटला नाही. एक कप आहे, साडेनऊला, आंबोळी किंवा घावणे खाल्ल्यावर, सासूबाईंबरोबर पडवीत बसून. पूर्ण कप, बशीत ओतून. पूर्वीचे सात होते त्यातल्या एकाचीही चव आठवत नाही मला, उभ्याने गिळलेले सगळे.

अडचण आली ती पाहुण्यांची. सहा ते आठ मी स्वयंपाकघरात नसते म्हटल्यावर पहिल्या आठवड्यात एका कुटुंबाने तोंड वाकडं केलं, घरगुती म्हणता आणि सकाळी चहाला माणूस नाही. बरोबर आहे त्यांचं. मग साडेपाचला मोठा थर्मास भरून पडवीत ठेवायला लागले, शेजारी कप. तर गंमत म्हणजे मीच चाखत नसल्याने साखर दोनदा जास्त पडली, एकदा पडलीच नाही. आता चाखायचं काम सासूबाईंकडे, त्यांनी ते इतक्या गांभीर्याने घेतलंय की परवा मला सांगितलं, तुझ्या हातचा चहा वीस वर्षं आम्ही कसा प्यायलो देव जाणे.

आणि जे थर्मास घेऊन बसतात त्यातले एखाद-दोन जण मला खोरं घेऊन जाताना बघतात आणि मागून येतात. गेल्या रविवारी पुण्याचे एक काका शेवटच्या आळ्यापर्यंत झावळीच्या बुडख्यावर पाय देऊन उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. जाताना विचारत होते, ह्याचे वेगळे पैसे किती.

लाल_डबा
घेतलेत का?

परसदारची
नाही हो. चार पडलेल्या सुपाऱ्या वेचून दिल्या बरोबर.

गोळीवाला
११ छान. अजून तीन महिने तरी गोळी बंद करू नका, साठा भरायचा असतो. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

सड्यावरची
जूनपासून काय करणार? शिंपणं तर बंद होईल पावसात.

परसदारची
तोच विचार चाललाय. पाट साफ ठेवायला लागतात पाणी निघून जायला, ते करेन. गमबूट घालून, गोळीवाले दादा. आणि बॅटरी घेऊन, ताई.

मालवणी_खाजा
पेज खा.

चाकरमानी_डोंबिवली
मी गच्चीवर सहा कुंड्या ठेवल्या. पाचात मिरची, एकात गवती चहा. वॉचमन विचारतो साहेब रोज एवढ्या लवकर कुठे. ताई, मे महिन्यात एक खोली मिळेल का चार दिवस? सकाळचा चहा आमचा आम्ही करून घेऊ.

परसदारची
मिळेल. पत्ती वरच्या फडताळात डाव्या हाताला, साखर त्याच्याच मागे. पातेलं तेवढं घासून ठेवा.